तारण मालाचे मोल आणि तो हाताळणारे हात

४ ऑगस्ट २०२० रोजी लेबनॉनची राजधानी बैरुत येथील बंदरात, अनेक वर्षे पडून राहिलेल्या सुमारे २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा भीषण स्फोट झाला आणि दोनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्या बातमीने चेन्नईकरांची झोप उडाली, कारण शहराच्या उत्तरेस मणली येथील कंटेनर साठवणूक केंद्रात याच रसायनाचा सुमारे ६९७ टन साठा होता. सीमाशुल्क विभागाने तो २०१५ मध्ये जप्त केला होता. माल खताच्या प्रतीचा असल्याचे आयातदाराचे म्हणणे विभागास मान्य नव्हते. पाच वर्षे रेंगाळलेला हा साठा बैरुतच्या स्फोटानंतर आठवडाभरात हैदराबादकडे रवाना होऊ लागला. दुर्घटना घडावी आणि मग जाग यावी, हा क्रम या क्षेत्रास नवा नाही.

१९५८ मध्ये केरळमध्ये, वाहतुकीत पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळलेले पीठ खाऊन शंभरावर माणसे दगावली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६८ मध्ये कीटकनाशक कायदा झाला. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेतील विषारी वायूही कीटकनाशकाच्या निर्मितीत वापरला जाणारा होता. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती, १९८९ मध्ये घातक रसायनांच्या साठवणुकीचे नियम आणि १९९१ मध्ये सार्वजनिक दायित्व विमा कायदा आला. अमोनियम नायट्रेटसाठी स्वतंत्र नियम २०१२ पासून आहेत. कायद्यांची वाण नाही. उणीव आहे ती हे ज्ञान पोते उचलणाऱ्या हमालापर्यंत आणि रात्रीच्या पहारेकऱ्यापर्यंत पोहोचण्याची.

२६ डिसेंबर २०२३ च्या रात्री उत्तर चेन्नईतील एण्णूर येथे, कोरोमंडल इंटरनॅशनल या कंपनीच्या खत कारखान्याला अमोनिया पुरविणाऱ्या समुद्राखालील नळातून गळती झाली. पेरियकुप्पम व परिसरातील मच्छीमार वस्त्यांतील लोकांना मध्यरात्री घरे सोडून पळावे लागले. अनेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. अमोनिया डोळे, घसा व फुप्फुसे यांतील ओलाव्यावर आघात करतो. अशा वेळी नाका-तोंडावर ओले फडके धरून वाऱ्याच्या आडव्या दिशेने दूर जावे, ही साधी माहितीही जीव वाचवू शकते. पण ती आधी ठाऊक असावी लागते.

धोका केवळ मोठ्या कारखान्यांपुरता नाही. महाराष्ट्रात २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके श्वासावाटेच नव्हे, तर त्वचेतूनही शरीरात शिरतात. गळक्या डब्याला लागलेला हात न धुता भाकरी खाल्ली, तर तेवढेही घातक ठरते. डब्यावरील लाल, पिवळा, निळा व हिरवा त्रिकोण विषाची तीव्रता दर्शवितो. लाल सर्वांत तीव्र. निरक्षरालाही समजावी अशी ही खूण आहे. मात्र तिचा अर्थ कोणी समजावून दिला नाही, तर ती नुसती नक्षी ठरते.

येथे बँकांचा संबंध येतो. खते व कीटकनाशके यांचा साठा नजरगहाण ठेवून व्यापाऱ्यांना खेळते भांडवल दिले जाते. गोदामाची पाहणी करणारा अधिकारी साठ्याचे वजन, किंमत, मुदत आणि अग्निविमा तपासतो. माल हाताळणाऱ्या माणसांविषयी बहुधा विचारीत नाही. बँक अधिकारी म्हणजे सुरक्षा निरीक्षक नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. परंतु ज्या मालावर बँकेचे कर्ज उभे आहे, त्याचा स्वभाव बँकेला ठाऊक असू नये, हे व्यवहाराला धरून नाही. धान्य व कीटकनाशके वेगळी ठेवली आहेत काय, हात-डोळे धुण्यास जवळ पाणी आहे काय, आणि अपघात झाल्यास कोणास कळवावे हे पहारेकऱ्यास त्याच्या भाषेत सांगितले आहे काय, हे तीन प्रश्न विचारण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत.

चेन्नईच्या दमट उकाड्यात रबरी हातमोजे व मुखवटा घालून तासन् तास काम करणे असह्य होते, ही कामगारांची तक्रार खरी आहे. त्यावर उपाय मुखवटा काढून ठेवणे हा नसून, अवजड काम सकाळी लवकर उरकणे व पाळ्या लहान ठेवणे हा आहे. त्यासाठी थोडा अधिक खर्च येईल. तो खर्च कर्जप्रस्तावात निःसंकोच दाखवावा आणि बँकेनेही त्याला कात्री लावू नये. ग्राहकांनी आणखी एक भेद ध्यानात ठेवावा : अग्निविमा मालाची भरपाई देतो, शेजारच्या वस्तीची नव्हे. १९९१ च्या कायद्याने घातक पदार्थांच्या अपघातात बाधित झालेल्या बाहेरच्या व्यक्तींना मालकाची चूक सिद्ध न होताही मदत देण्याचे दायित्व घातले आहे.

पुढील पाहणीपासून अहवालात मालाच्या किमतीखाली त्याच्या धोक्याची आणि तो हाताळणाऱ्यांच्या संरक्षणाची एक ओळ लिहिली जावी. त्यासाठी नव्या दुर्घटनेची किंवा नव्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही.