गोळी मोफत, वाट महाग

अफू, हेरॉइन अथवा वेदनाशामक सुयांच्या आहारी गेलेल्यास सरकारने रोज मोफत गोळी द्यावी, हे ऐकताच अनेक सुशिक्षितांच्या कपाळाला आठ्या पडतात. एक व्यसन सोडवून दुसरे लावण्याचाच हा प्रकार, असा त्यांचा आक्षेप. आम्हांस तो मान्य नाही. जिभेखाली विरघळणारी बुप्रेनॉर्फिनची गोळी तलफ शमविते. नियमाने घेणाऱ्यास धुंदी आणीत नाही. रुग्ण कामाला लागतो, सुई टाकतो. आणि एकाच सुईच्या वापरातून पसरणाऱ्या एचआयव्ही व काविळीस आळा बसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये हे औषध अत्यावश्यक यादीत घातले, ते उगाच नव्हे. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात अशा सुमारे ७७ लाख व्यसनग्रस्तांना मदतीची गरज होती.

खर्चाचा खरा भार गोळीचा नसून वाटेचा आहे. अशी सोय केवळ भंडारा शहरात झाली, तर लाखांदूरच्या मजुराला दररोज मजुरी बुडवावी लागेल. धानाच्या रोवणीत तो किती दिवस येईल? गोळ्या घरी दिल्यास त्या बाजारात जातील, ही भीती निराधार नाही. परंतु २०२० च्या टाळेबंदीत तशी मुभा द्यावीच लागली होती. तेव्हा स्थिरावलेल्या रुग्णास, कुटुंबीयाच्या साक्षीने, तालुक्याच्या रुग्णालयातून आठवड्याचे औषध द्यावे व त्याचा चोख हिशेब ठेवावा. मधुमेह्याच्या इन्सुलिनला कोणी व्यसन म्हणत नाही; मग या रुग्णालाच उपचाराऐवजी उपदेश का?