ठिपक्यांपलीकडचं कुत्रं

डिस्नेचा ‘१०१ डाल्मेशियन्स’ हा कार्टून सिनेमा १९६१ सालचा. नातवंडांना तो जरूर दाखवा, पण नंतर त्यांच्याशी थोडं बोला, असं माझं मत आहे. कारण मोठ्या माणसांनी त्यातून नेमका उलटा धडा घेतला.

गोष्ट डोडी स्मिथ यांच्या १९५६ च्या कादंबरीवरून घेतलेली. पोंगो आणि पर्डिटा यांची १५ पिल्लं क्रुएला नावाची श्रीमंत बाई चोरांकरवी पळवते. तिने आधी जमवलेली ८४, म्हणजे झाली ९९. त्यांच्या ठिपकेदार कातड्याचा तिला कोट हवा! मायबाप बर्फातून मजल दरमजल करत जातात आणि सगळ्यांना सोडवतात. ९९ आणि २, एकशे एक.

इतके ठिपके चित्रागणिक हाताने गिरवणं म्हणजे कंबरडं मोडायचंच काम. म्हणून डिस्नेने झेरॉक्सचं तंत्र वापरून पेन्सिलीच्या रेघा थेट पारदर्शक पट्टीवर उतरवल्या.

मला सर्वांत आवडतं ते संध्याकाळचं भुंकणं. लंडनमधला निरोप या कुत्र्याकडून त्या कुत्र्याकडे, गावोगाव पोचतो. आपल्या बावड्यात रात्री एक कुत्रं भुंकलं की पंचगंगेपलीकडून वडणग्याची कुत्री उत्तर देतात, तसंच! निरोप पोचवणाऱ्यांत जातिवंत कोण, हे कुणी विचारत नाही. पुढे पिल्लं अंगाला काजळी फासून ठिपके झाकतात, तेव्हा कुठे त्यांचा जीव वाचतो. ठिपके हा दागिना नाही, संकट आहे, हे सिनेमा इतकं स्पष्ट सांगतो.

आणि लोकांनी काय केलं? १९९६ मध्ये डिस्नेनेच खरी कुत्री घेऊन हा सिनेमा पुन्हा काढला, तेव्हा अमेरिकेत डाल्मेशियन पिल्लांची मागणी वाढली. हे कुत्रं मुळात बग्गीबरोबर मैलोगणती धावणारं. घरात आवरेना, म्हणून पुढे कित्येक जणांनी ती सोडून दिली. आपण तरी कुठे शहाणे? २००३ मध्ये हचच्या जाहिरातीत पग दिसला आणि शहरोशहरी पग आले. चपट्या नाकाच्या त्या बिचाऱ्याला आपल्या उन्हाळ्यात श्वास घेणंही जड जातं. शेजारच्या मुधोळचा कारवानी कुत्रा २००५ मध्ये टपाल तिकिटावर झळकला. अभिमान वाटला, पण मोकळं रान लागणाऱ्या त्या शिकारी कुत्र्याला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बांधणं हाही जुलूमच.

नुसत्या ठिपक्यांसाठी कुत्रं विकत आणणारा माणूस क्रुएलाचा लांबचा नातेवाईकच म्हणायचा. ती कातडं मागते, हा दिखावा मागतो. दोघांनाही कुत्रं नकोच असतं.

तेव्हा मंडळी, पोरांनी हट्ट धरलाच तर आधी गल्लीतलं एखादं गावठी पिल्लू दाखवा. रेबीजची लस टोचून घ्या, वेळेवर भाकरी घाला. पुढची बारा-तेरा वर्षं त्याचं करायची तयारी असेल तरच घरात घ्या. नसेल तर सिनेमाच पुन्हा एकदा लावा. तोही काही वाईट नाही!