लॅपटॉप म्हातारा झालेला नाही!



"काकू, हा भंगारात द्या, नवा घ्या." सात वर्षं वापरलेला माझा लॅपटॉप न उघडताच दुकानदार म्हणाला. मी बी.कॉम. झालेली बाई, बिल न तपासता पैसे देत नाही.

घरी येऊन टास्क मॅनेजर उघडला. ४ जीबी रॅम जवळजवळ पूर्ण भरलेली! रॅम म्हणजे ओटा, डिस्क म्हणजे कोठीची खोली. ओटा लहान असला की सामान सारखं कोठीत ठेवा, पुन्हा आणा. काम रखडणारच. त्यासाठी स्वयंपाकघर पाडायचं का?

दुसऱ्या दुकानात ८ जीबीची पट्टी बसवून घेतली. आता एक्सेलचा हिशेब आणि नातीचा व्हिडिओ कॉल एकदम चालतात.

माझा खरा राग कंपन्यांवर आहे. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर करतात. पुढे वाढवायची सोयच नाही. म्हणून घेतानाच विचारा: रॅमचा स्लॉट आहे का? जास्तीत जास्त किती चालते? जुन्यात टाकायची तर प्रकार बघा. डीडीआर३च्या खाचेत डीडीआर४ बसत नाही.

जुन्या साड्यांची गोधडी शिवणाऱ्या आपण, चालतं यंत्र कचऱ्यात टाकतो! पर्युषणात अपरिग्रहावरचं प्रवचन ऐकायचं आणि दिवाळीच्या सेलमध्ये विसरायचं, हे मला पटत नाही. तुम्हाला पटतं का?