‘तुम्हाला याचा उपयोग नाही’ म्हणणारं केंद्र शोधा

हायपरबॅरिक ऑक्सिजन थेरपीचं चांगलं केंद्र ओळखण्याची एक सोपी खूण आहे. तिथे आलेल्यांपैकी काही जणांना तरी ‘तुम्हाला याचा उपयोग नाही, पैसे घालवू नका’ असं सांगितलं जातं का? ज्या केंद्राच्या फलकावर मधुमेही पायापासून स्वमग्नतेपर्यंत आणि लकव्यापासून सुरकुत्यांपर्यंत सगळंच बरं होतं, तिथे वैद्यकी कमी आणि दुकानदारी जास्त, असं खुशाल समजावं.

आणि या दुकानदारीला सध्या बरकत आहे. कोविडच्या लाटेत, २०२१ च्या एप्रिलमध्ये, एका सिलिंडरसाठी रात्र रात्र वणवण केलेल्या महाराष्ट्राला ऑक्सिजनचं मोल कुणी पटवून द्यायला नको. नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात त्याच महिन्याच्या २१ तारखेला टाकीला गळती लागली, पुरवठा तुटला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. त्या दिवसांत घरोघरी ऑक्सिमीटर आला. त्यामुळे आज कुणी ‘शंभर टक्के शुद्ध ऑक्सिजन, तोही दाबाखाली’ म्हटलं, की ऐकणाऱ्याला अर्धं आधीच पटलेलं असतं.

गंमत अशी, की कपाटात पडलेला तोच ऑक्सिमीटर या दाव्यातली हवा काढून घेतो. धडधाकट माणसाच्या बोटाला तो लावला तर आकडा ९७-९८ येतो. म्हणजे त्याचं हिमोग्लोबिन ऑक्सिजनने जवळजवळ भरलेलंच आहे. आणखी कोंबायला जागा नाही. थेरपीच्या बंद चेंबरचं काम निराळं. हवेच्या नेहमीच्या दाबाच्या दोन-अडीच पट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन श्वासातून घेतला, की सोड्याच्या बाटलीत गॅस विरघळावा तसा तो थेट रक्तद्रवात विरघळतो. साध्या हवेत १०० मिलिलिटर रक्तात असा विरघळलेला ऑक्सिजन जेमतेम ०.३ मिलिलिटर असतो. तिप्पट दाबाखाली तो सहाच्या आसपास जातो. विश्रांती घेणाऱ्या शरीराची गरज तेवढ्यावर भागू शकते. ॲमस्टरडॅमचे शल्यविशारद इटे बोरेमा यांनी १९६० च्या सुमारास डुकरांचं जवळपास सगळं रक्त काढून, त्याजागी लाल पेशी नसलेला द्रव भरून, त्यांना चेंबरमध्ये जिवंत ठेवून दाखवलं होतं.

म्हणजे ही थेरपी भंपक मुळीच नाही. खोल पाण्यातून घाईने वर आलेल्या पाणबुड्याच्या रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात, तेव्हा चेंबरला पर्याय नसतो. या उपचाराची मुळं तिथलीच, म्हणून आजही जगभरच्या केंद्रांत एकेका सिटिंगला ‘डाइव्ह’ म्हणतात. गॅस गँगरीन, चिरडलेला हात-पाय, जगेल की नाही अशी शंका असलेलं त्वचारोपण, अचानक आलेला बहिरेपणा, रेडिएशननंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी उद्भवणारे त्रास असे जेमतेम पंधरा-एक विकार अमेरिकेतल्या या विषयाच्या वैद्यकीय संघटनेने मान्य केले आहेत. स्वमग्नता त्यांत नाही. सेरेब्रल पाल्सी नाही. वार्धक्य तर नाहीच.

सेरेब्रल पाल्सीची गोष्ट जरा थांबून पाहावी अशी आहे. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये पालकांच्या आग्रहाखातर १११ मुलांवर रीतसर चाचणी झाली. निष्कर्ष २००१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. निम्म्या मुलांना जास्त दाबाचा शुद्ध ऑक्सिजन दिला, निम्म्यांना किंचित दाबाची साधी हवा. दोन्ही गटांतली मुलं सुधारली, आणि सारखीच सुधारली. रोज तासभर आई-बाबा जवळ, सगळ्यांचं लक्ष आपल्याकडे, घरात नवी उमेद. सुधारणेचं श्रेय यातल्या कशाला द्यायचं, यावर वाद घालता येईल. शुद्ध ऑक्सिजनला मात्र ते देता येत नाही. तरीही ‘आमच्या मुलात फरक पडला’ हे पालकाचं वाक्य केंद्रांच्या जाहिरातींत फिरत राहतं. पालक खोटं बोलत नाहीत. जाहिरात बोलते.

तारुण्याच्या दाव्याचंही तसंच. इस्रायलमधल्या एका अभ्यासात ६४ वर्षांपुढच्या ३५ निरोगी माणसांना ६० सिटिंग दिल्यावर पेशींमधल्या, वयाबरोबर आखूड होत जाणाऱ्या टेलोमिअरची लांबी वाढल्याचं २०२० मध्ये प्रसिद्ध झालं, आणि ‘वय उलटं फिरलं’ असे मथळे जगभर झळकले. त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता, हे कुठल्याही मथळ्यात मावलं नाही.

घरी वापरायच्या, चेन लावून बंद होणाऱ्या फुगीर पिशव्याही ‘हायपरबॅरिक’ म्हणून विकल्या जातात. त्यांतला दाब १.३ पटीच्या आसपास. अमेरिकेत अशा पिशवीला मान्यता आहे ती फक्त उंचीवरच्या आजारासाठी. हिमालयातल्या ट्रेकर्सना ‘गॅमॉव बॅग’ ठाऊक असते. ‘वन टू थ्री... इन्फिनिटी’ लिहिणाऱ्या जॉर्ज गॅमॉव यांच्या मुलाने ती तयार केली. उंचीचा आजार झालेल्याला खाली उतरवेपर्यंत तिच्यात ठेवलं तर जीव वाचतो. पण समुद्रसपाटीला, दादरच्या फ्लॅटमध्ये, तिच्यात पडून काय साधायचं?

मधुमेही पायाच्या जखमेबाबत मात्र सरळ उत्तर नाही, आणि महाराष्ट्रात सर्वाधिक विचारणा याचीच होत असणार. २०१० च्या स्वीडिश चाचणीत ९४ रुग्ण होते. वर्षाअखेरीस चेंबरमध्ये ऑक्सिजन घेतलेल्यांपैकी ५२ टक्क्यांची जखम भरली, इतरांपैकी २९ टक्क्यांची. २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या १२० रुग्णांच्या चाचणीत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. बऱ्याच जणांना ठरलेली सिटिंग पूर्णच करता आली नव्हती. म्हणून प्रामाणिक केंद्र आधी विचारतं: पायाच्या रक्तवाहिन्या तपासल्या का? साखर आटोक्यात आहे का? जखमेवरचा भार काढला का? रक्तवाहिनी बुजलेली असताना काही हजारांना एक अशी तीस-चाळीस सिटिंग विकणं म्हणजे रुग्णाच्या पैशांबरोबर पाय वाचवण्याची वेळही खाणं आहे.

ऑक्सिजनने अपाय तो काय होणार, हा समजही खोटा. कानाच्या पडद्याला इजा होते, नजर काही काळ अधू होते, क्वचित फिट येते. छातीत हवा साठून फुप्फुस दबलेलं असेल, तर आधी त्यावर उपचार न करता चेंबरमध्ये जाणं जिवावर बेततं. आणि आग. मिलानच्या एका रुग्णालयात ३१ ऑक्टोबर १९९७ रोजी चेंबर पेटून ११ जण गेले; एका रुग्णाच्या खिशात हात शेकायचं छोटं उपकरण राहिलं होतं आणि आग विझवणाऱ्या यंत्रणेत पाणी नव्हतं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एका खासगी केंद्रात पाच वर्षांचा मुलगा चेंबरमध्ये जळून गेला. त्याला तिथे नेलं होतं ते अतिचंचलता आणि झोपेत श्वास अडखळणं यांवरच्या उपचारासाठी. मान्य यादीत यातलं काहीच नाही. चौघांवर आरोप ठेवले गेले, काहींवर खुनाचा. म्हणून आत जाताना अंगावर फक्त सुती कपडे हवेत. मोबाइल, अत्तर, मलम नको, आणि आपल्याकडे आवर्जून सांगायला हवं ते म्हणजे डोक्याला चपचपीत तेल नको. एवढीही झडती न घेणाऱ्या केंद्रातून तसंच परत फिरावं.

दुसऱ्या बाजूला, ज्यांनी चेंबरची चौकशी करायला हवी त्यांच्या कानावर हे नावच जात नाही. तंबाखू-गुटख्याने तोंडाचा कर्करोग झालेल्या आणि रेडिएशन घेतलेल्या काही रुग्णांचं जबड्याचं हाड पुढे मरू लागतं. हाड बिघडू नये म्हणून आधीच सिटिंग देऊन ठेवण्याचा फायदा २०१९ च्या ब्रिटिश चाचणीत दिसला नाही. पण हाड बिघडलं असेल, तर शस्त्रक्रियेच्या जोडीला चेंबरचा विचार डॉक्टरांपुढे मांडण्याजोगा आहे. रेडिएशनने मूत्राशयाला झालेल्या त्रासात नॉर्डिक देशांतल्या चाचणीने, तेही २०१९ मध्येच, चांगला गुण दाखवला. हा रुग्ण बहुधा गावाकडचा असतो, आणि सिटिंग म्हणजे त्याला महिना-दीड महिना शहरात राहणं.

हिवाळा आला की बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरच्या बळींच्या बातम्या येतात. त्यातून साठणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साध्या हवेत चार ते सहा तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर दीड तासाच्या आत, आणि तिप्पट दाबाच्या चेंबरमध्ये वीस-पंचवीस मिनिटं. मास्क प्रत्येक रुग्णवाहिकेत हवाच. पण बेशुद्ध माणसाला घेऊन निघालेल्या चालकाला जवळचं चालू चेंबर कुठे आहे आणि ते रात्री दोन वाजता उघडतं का, हे कोण सांगणार? सार्वजनिक आरोग्य विभागाने जिल्हावार अशी यादी करून १०८ च्या नियंत्रण कक्षात ठेवावी: कुठल्या चेंबरला प्रशिक्षित डॉक्टर आहे, ते किती दाब देतं, अग्निसुरक्षा कधी तपासली गेली. ही माहिती गोळा करताना ‘वय कमी करून मिळेल’च्या पाट्याही आपोआप नजरेला पडतील. त्या उतरवण्याचं काम त्याच फेरीत उरकता येईल.