दारूची जप्ती हातापायांवर

सावकार कर्जापोटीं जमिनीवर, बैलांवर, भांड्याकुंड्यांवर जप्ती आणीत असे. परंतु ऋणकोचे हातपाय त्याला नेतां येत नसत. दारू मात्र तेही नेते.

दारूनें यकृत सडतें हें आतां गांवोगांव ठाऊक आहे. ती मज्जातंतूही जाळते, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. मज्जातंतु म्हणजे मेंदूचा हुकूम हातापायांस पोंचविणाऱ्या व त्यांची खबर परत आणणाऱ्या तारा. त्यांतल्या सर्वांत लांब तारा पायाच्या बोटांपर्यंत जातात. म्हणून पहिला घाव तळपायांवर, आणि तो बहुधा दोन्हीं पायांवर सारखाच. आधीं मुंग्या, मग रात्रीची आग, मग बधिरपणा. चालतां चालतां चप्पल निसटते, कळत नाहीं. बाभळीचा कांटा रुततो, पू होईपर्यंत खबर नाहीं. रात्रीं वीज येते म्हणून पाणी धरावयास जावें, तर अंधारांत बांधावर तोल सुटतो. पुढें तेंच दुखणें हातांत शिरतें. सुताराचा रंधा, चांभाराची आरी, विणकराचा धागा, कुंभाराच्या चाकावरचा गोळा, हें सारें बोटांच्या जाणिवेवर चालतें. ती गेली कीं हुन्नर गेला.

असें कां होतें? एक तर दारू व तिच्यापासून शरीरांत होणारें विष तंतूंस थेट इजा करतें. दुसरें, तंतूंस ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, लागतें. पिणारा धड जेवत नाहीं. जेवला तरी आंतड्यांस तें नीट शोषून घेतां येत नाहीं. त्याचा फार तुटवडा पडला कीं मेंदूच बिघडतो. डोळ्यांची हालचाल बिघडते, चाल झोकांड्या खाते, माणूस भ्रमतो. कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरानें हा रोग १८८१ सालीं वर्णिला. आपल्याकडे लोक म्हणतात, “चढली आहे, झोपूं द्या,” नाहींतर देवऋषी बोलावतात. अहो, तेथें तासातासाची किंमत असते! थायमिनचें इंजेक्शन वेळेवर मिळालें नाहीं तर जीव जातो, किंवा स्मरणशक्ति कायमची जाते.

कोणी म्हणतात, “आम्ही श्रम विसरण्यासाठीं घेतों.” श्रम कोठें जातात? त्यांची खबर देणारा तंतु तेवढा सुन्न होतो. कोणी म्हणतात, “आमची सरकारमान्य बाटली आहे.” तंतु बाटलीवरचा शिक्का पाहत नाहीं, किती आणि किती वर्षें प्यालां, हें पाहतो. बनावट दारूंतलें मिथिल अल्कोहोल तर डोळ्यांचा तंतुच मारतें. जून २०१५ मध्यें मुंबईच्या मालवणींत अशा दारूनें शंभराहून अधिक माणसें मेलीं. तीं गोरगरिबांचींच होतीं.

मग करावें काय? मुंग्या येऊं लागल्या कीं ती जप्तीपूर्वीची नोटीस समजा. मधुमेहानें व कुष्ठानेंही पाय बधिर होतात, म्हणून दवाखान्यांत तपासणी करा व आपण पितों हें डॉक्टरांपासून लपवूं नका. दारू सुटली व पोटभर भाकर, डाळ, शेंगदाणे मिळूं लागले तर पुष्कळांस उतार पडतो. मात्र तुटलेला तंतु वाढलाच तर दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. कंबरेपासून अंगठ्यापर्यंतचें अंतर मोजून पाहा! रोज फार पिणाऱ्यानें मात्र एकाएकीं घरच्या घरीं सोडूं नये. झटके येऊन जीव धोक्यांत येतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीं सोडावी.

आणि एक शब्द सरकारासाठीं. जोतीराव फुले पुणें नगरपालिकेचे सभासद असतां त्यांनीं १८८० सालीं वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. आज दारूच्या करांतून राज्याच्या तिजोरींत दरसाल हजारो कोटी रुपये पडतात. मग प्रत्येक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयांत थायमिन व दारू सोडविण्याच्या खाटा कां नसाव्यात? ज्यांच्या हातापायांवर हा कर उभा आहे, त्यांनीं आपल्या आमदारास हें विचारलेंच पाहिजे.