मांजरं आपली, पाखरंही आपलीच

वरळीच्या बीडीडी चाळीत मांजर कुणा एकाचं नसतं. ते एका मजल्यावर झोपतं, दुसऱ्यावर दूध पितं आणि मांदेली साफ करायला बसलेल्या मावशींसमोर न चुकता हजर होतं. उंदरांच्या धाकाने चाळीने त्याला ठेवून घेतलं आणि जीव लावला.

पण मांजर पाखरंही मारतं. उन्हाळ्यात बुलबुलाची पिल्लं धड उडता येण्याआधीच घरट्याबाहेर पडतात. काही दिवस ती खालच्या फांदीवर, कुंडीआड नाहीतर जमिनीवर बसतात आणि आईबाप तिथेच त्यांना भरवतात. पिल्लू चिवचिवलं की जिन्याखालचं मांजर कान टवकारतं, पोट जमिनीला घासत सरकतं. वर बुलबुलांचा नुसता आकांत! पोट भरलेलं असलं तरी मांजर झडप घालतंच. शिकार त्याच्या रक्तात आहे. २०१३च्या एका अभ्यासानुसार अमेरिकेत मांजरं दरवर्षी किमान १३० कोटी पक्षी मारतात. त्यातली बहुतेक शिकार बेवारस मांजरांची.

यात मांजराचा दोष नाही. सहा महिन्यांची होते न होते तोच मांजरी गाभण राहते आणि वर्षातून दोन-तीनदा विते. त्या संख्येची जबाबदारी खाऊ घालणाऱ्या आपल्यावर येते.

आज हा विषय निकडीचा आहे. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात ऑगस्ट २०२५मध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून माणसं ५०० चौरस फुटांच्या घरात चालली आहेत. मांजरांचं नाव मात्र कुठल्याच पात्रता यादीत नाही. मागे राहिलेली मांजरं उरलेल्या चाळींत आणि झाडांखाली गर्दी करणार.

म्हणून सामान बांधण्याआधी नसबंदी उरकून घ्या. महापालिका आणि प्राणिमित्र संस्था ती करतात. लळा लागलेलं मांजर सोबत न्या, खिडक्यांना जाळी लावा, त्याला घरातच ठेवा. ब्रिटनमधल्या २०२१च्या अभ्यासात रोज पाच-दहा मिनिटं खेळवलेल्या मांजरांनी घरी आणलेली शिकार पाव हिश्शाने घटली. म्हणजे हे आपल्या हातात आहे. नव्या इमारतीच्या सोसायटीने पाणी आणि पार्किंगच्या जोडीने पहिल्याच सभेत हा विषय घ्यावा.