चाळिशीवर बसणारा गॉगल

फवारणीच्या सुरक्षेचा विषय निघाला की हातमोजे, मास्क, गॉगल ही यादी म्हणून दाखवली जाते आणि विषय तिथेच संपतो. ज्याच्या डोळ्यांवर आधीच नंबरचा चष्मा आहे त्याने तो गॉगल घालायचा कसा, हे कोणी विचारत नाही. बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली कपाशी, घाटावर सोयाबीन. पावसाळाभर दोन्हीकडे पाठीवर पंप असतोच. तो पाठीवर घेणाऱ्यांत चाळिशी लागलेले पुष्कळ. साधा गॉगल चष्म्यावर बसत नाही. मग दोन्हींतले एक काढावे लागते आणि माणूस गॉगलच काढतो, कारण चष्म्याशिवाय त्याला दिसत नाही. त्याला निष्काळजी म्हणणे सोपे आहे, पण दोष गॉगलच्या मापाचा आहे.

डोळ्यांना खरा धोका कधी असतो ते पाहा. पंपात गेलेले औषध पाण्याने पातळ झालेले असते, बाटलीतले मात्र अस्सल. ते मापात ओतताना, मिलिलिटरची बारीक रेघ गाठताना मान खाली जाते, तोंड मापाजवळ येते आणि नेमकी तेव्हाच चाळिशी लागते. पंधरा लिटरच्या पंपाला किती औषध, हे सोबतच्या घडीपत्रकावर मुंगीच्या अक्षरांत छापलेले. चष्मा काढला तर मात्रा चुकण्याची भीती, ठेवला तर शिंतोड्याची. कारण नंबरचा चष्मा वरून, खालून आणि बाजूंनी उघडाच असतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक जीव गेले, शेकडो जण दवाखान्यात पोचले. त्यांत डोळ्यांना इजा झालेलेही होते. त्या हंगामात कपाशी फार उंच वाढली होती, त्यामुळे तुषार थेट तोंडावर येत होते.

ही अडचण बर्फावर घसरणाऱ्यांनी केव्हाच सोडवली आहे. चष्मेवाल्यांसाठी त्यांचे गॉगल खोल चौकटीचे असतात आणि चष्म्याच्या काड्या दबू नयेत म्हणून कानशिलाजवळ फोमला खाच असते. काच धुरकट होऊ नये म्हणून दुहेरी भिंगाचा गॉगल १९६५ च्या सुमारास बॉब स्मिथ या अमेरिकेतल्या दंतवैद्याने केला. पण म्हणून मनालीच्या सहलीतून आणलेला गॉगल फवारणीला लावू नका. त्याच्या हवेच्या फटींवर उघडा फोम असतो; तो औषध शोषून कपाळाशी धरून ठेवेल. घ्यायचे आहे ते फक्त त्याचे माप. शेतासाठी रसायनाच्या शिंतोड्यांपासून वाचवणारा, चष्म्यावर बसेल इतका खोल आणि झाकलेल्या झडपांतून हवा खेळवणारा गॉगल लागतो. बाजूला नुसती भोके पाडलेला उपयोगाचा नाही. एन १६६ या युरोपीय मानकाचा गॉगल असेल तर चौकटीवर ३ हा आकडा शोधावा. तो द्रवाच्या थेंबांपासून संरक्षण दाखवतो.

भाद्रपदाच्या उकाड्यात असला गॉगल मिनिटभरात धुरकटतो, ही तक्रार खरी आहे, आणि चष्मा असला की दोन काचा धुरकटतात. धुके न धरणारा लेप, आतून फडक्याने न घासणे आणि उन्हाआधी फवारणी उरकणे यांनी त्रास कमी होतो, संपत नाही. पण निदान औषध मोजताना आणि मिसळताना, त्या दहा मिनिटांसाठी तरी तो डोळ्यांवर हवाच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: विष मुख्यतः कातडीतून शरीरात जाते, मग गॉगलचे एवढे कौतुक कशाला? हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे आधी, हे मान्यच. पण धूसर नजरेने मोजलेली चुकीची मात्रा हातमोजे थांबवत नाहीत. खर्चाचे म्हणाल, तर असा गॉगल बहुतेक कीटकनाशकांच्या बाटलीपेक्षा महाग नसतो आणि नीट धुऊन ठेवला तर अनेक हंगाम चालतो.

कृषी विभागाने आणि कंपन्यांनी किट वाटताना एवढेच विचारावे: चष्मा आहे का? असेल तर मोठ्या मापाचा गॉगल द्यावा. आणि शेतकऱ्यांनो, कृषी सेवा केंद्रात गॉगल घ्यायला जाल तेव्हा चष्मा खिशात ठेवू नका. डोळ्यांवर लावूनच जा, त्यावर गॉगल चढवा, मान खाली घाला, दोन्ही बाजूंना वळवा; काडी टोचली किंवा कडेला फट दिसली तर तो तिथेच परत करा.